पॉप्लरची घरपट्टी

१९२१ साली नकाशावर लंडन एक शहर होते, पण घरपट्टीच्या हिशेबात त्याची अठ्ठावीस बरो आणि जुनी ‘सिटी’ मिळून एकोणतीस शकले होती. प्रत्येक बरोचे कौन्सिल वेगळे आणि कराचा दर वेगळा. हद्दीतल्या बेकारांना आणि निराधारांना घरी द्यायच्या मदतीचा सारा भार ज्या त्या भागाने सोसायचा. संसद, राजवाडा, क्लब आणि बडी दुकाने ज्या वेस्टमिन्स्टरमध्ये, तिथे करपात्र मूल्यावर पौंडामागे एक पेनी कर लावला की तिजोरीत तीस हजार पौंडांच्या वर रक्कम पडे. शहराच्या पूर्व टोकाच्या पॉप्लरमध्ये तीच पेनी जेमतेम साडेतीन हजार आणी. वेस्टमिन्स्टरमध्ये गरीब थोडे होते आणि पॉप्लरमध्ये दीड लाखाहून जास्त वस्ती बहुतांशी गरिबांचीच होती. म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्यानेच सर्वांत जास्त द्यायचे.

या हिशेबाला ज्या माणसाने हात घातला, त्याचे नाव जॉर्ज लॅन्सबरी. पुढे ते ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते झाले, मंत्री झाले, त्यांची चरित्रे निघाली. पण त्यांचे खरे काम पॉप्लरच्या कौन्सिलात आणि तिथल्या निराधारांच्या वर्कहाउसात झाले असे मला वाटते. स्थानिक राजकारणातला माणूस वॉर्डातली कामे करून थांबतो, नाहीतर मोठ्या राजकारणात गेला की वॉर्ड विसरतो. लॅन्सबरींच्या बाबतीत दोन्ही झाले नाही, म्हणून त्यांची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे.

पॉप्लरशी आपला एक जुना संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांसाठी बांधलेली ईस्ट इंडिया गोदी १८०६ मध्ये उघडली ती याच हद्दीत. चहा, रेशीम, मसाले तिथे उतरत आणि पैसा पश्चिमेकडे जाई. मागे उरत ते हमाल. गोदीतले काम रोजंदारीचे, तेही अर्ध्या-अर्ध्या दिवसाचे. सकाळी फाटकाशी शेकडो माणसे उभी राहत, मुकादम बोट दाखवून हवी तेवढी आत घेई आणि बाकीची परत फिरत. ज्याला चार दिवस काम मिळाले नाही त्याच्या घरी पाचव्या दिवशी चूल पेटत नसे. मग त्याने जायचे गार्डियन मंडळाच्या दारात. हे मंडळ निवडून आलेले असे आणि गरिबांसाठीच्या जुन्या कायद्याखाली त्याच्या हाती दोन गोष्टी होत्या: वर्कहाउसात भरती करून घेणे किंवा घरी राहू देऊन थोडी मदत देणे. वर्कहाउस मुद्दामच असे ठेवलेले असे की माणसाने शक्यतो तिथे येऊ नये.

लॅन्सबरींचा जन्म १८५९ मधला, सफोक परगण्यातला. बाप रेल्वेच्या बांधकामावरचा माणूस. कुटुंब लहानपणीच लंडनच्या पूर्व भागात आले. शाळा लवकर सुटली आणि मजुरी सुरू झाली. १८८० मध्ये बेसी ब्राइन यांच्याशी लग्न झाले. १८८४ मध्ये सरकारी जाहिरातींवर विश्वास ठेवून ते बायकामुलांसह ऑस्ट्रेलियाला गेले. तिथे ना काम होते ना राहायला धड जागा. खडी फोडली, मिळेल ते केले, आणि वर्षभरात परत आले. परत आल्यावर गप्प बसले नाहीत. गरिबांना खोट्या आशा दाखवून परदेशी पाठवू नका म्हणून त्यांनी सभा घेतल्या. त्यांचे सार्वजनिक आयुष्य इथून सुरू झाले. सासऱ्यांच्या लाकडाच्या वखारीत नोकरी आणि उरलेल्या वेळात लिबरल पक्षाचे काम, असे दिवस चालले होते.

१८८९ मध्ये जेन कॉब्डेन या बाई पॉप्लर भागातल्या बो आणि ब्रॉम्लीतून लंडन काउंटी कौन्सिलवर निवडून आल्या. त्यांचे निवडणूक प्रतिनिधी लॅन्सबरी होते. बाईला कौन्सिलात बसण्याचा अधिकार नाही म्हणून विरोधक कोर्टात गेले आणि बाईंना मत देता येईना, बोलता येईना. लिबरल पुढाऱ्यांनी कायदा बदलायला बोट उचलले नाही. पुढे लॅन्सबरी त्या पक्षातून बाहेर पडून समाजवाद्यांत गेले त्यामागे हाही अनुभव होता. स्त्रियांचा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून पक्का बसला, आणि तो त्यांना पुढे दोनदा महागात पडला.

१८९३ मध्ये ते पॉप्लरच्या गार्डियन मंडळावर निवडून आले. त्यांच्याबरोबर विल क्रुक्स हे दुसरे कामगार होते. दोघांनी वर्कहाउस आतून पाहिले. चुना फासलेल्या भिंती, कडक बाके, जाड गणवेश, किल्ल्यांचा जुडगा वाजवत फिरणारे अधिकारी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला वय, धर्म, नातेवाईक यांबद्दल दरडावून विचारलेले प्रश्न. एकदा ते जेवणाच्या वेळी आत गेले तेव्हा ओटच्या पेजेत उंदराच्या लेंड्या निघाल्या. निवडून आलेल्या माणसाने अशा वेळी अहवाल मागवायचा असतो. लॅन्सबरींनी तिथेच अन्न बदलायला लावले आणि पुढे अधिकारीही बदलायला लावले. गणवेश गेला, म्हाताऱ्यांना बाहेर फिरायची मोकळीक मिळाली. मुलांना बराकीसारख्या जागेतून काढून एसेक्समध्ये मोकळ्या हवेत नवी शाळा बांधण्यात आली. बेकारांना शेतीकाम देण्यासाठी लेंडन गावी वसाहत निघाली. तिला जोसेफ फेल्स या अमेरिकन साबण कारखानदाराने पैसे पुरवले.

पैसे पुरवायला फेल्स प्रत्येक वेळी येणार नव्हते. खर्च घरपट्टीतून होत होता आणि घरमालक-दुकानदार चिडले होते. त्यांच्या संघटनेने सरकारकडे तक्रार केली आणि १९०६ मध्ये डेव्ही नावाच्या अधिकाऱ्याची चौकशी बसली. खरेदी, कंत्राटे, जेवणाचे ताट, सारे तपासले गेले. मंडळाच्या कारभारात ढिलाई आहे, उधळपट्टी आहे, गरिबांचे लाड होतात, असा ठपका आला. काही ठपके रास्त होते. कंत्राटांवर नीट लक्ष नव्हते हे नाकारता येत नाही. पण शेजारच्या काही मंडळांत माणसे लाच खाताना सापडली आणि तुरुंगात गेली, तसे लॅन्सबरींच्या बाबतीत काही निघाले नाही. मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. त्याच सुमारास गरिबांविषयीच्या कायद्याचा विचार करायला नेमलेल्या रॉयल कमिशनवर ते सदस्य होते. बिअट्रिस वेब यांच्यासह त्यांनी अल्पमताच्या अहवालावर सही केली. दारिद्र्य हा माणसाचा गुन्हा नसून ते नाहीसे करणे ही समाजाची जबाबदारी आहे, असे त्यात मांडलेले होते.

डिसेंबर १९१० मध्ये ते बो आणि ब्रॉम्लीतून खासदार झाले. दोन वर्षांत ती जागा त्यांनी स्वतःच सोडली. मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांना तुरुंगात नळी घालून जबरदस्तीने अन्न भरवले जात होते. लॅन्सबरी भर सभागृहात पंतप्रधान ॲस्क्विथ यांच्या पुढ्यात जाऊन मूठ उगारून ओरडले आणि बाहेर काढले गेले. मग राजीनामा देऊन स्त्रियांच्या मताधिकाराच्या एकाच मुद्द्यावर त्यांनी पोटनिवडणूक लढवली. मतदार सगळे पुरुष. ते हरले. पुढच्या वर्षी याच चळवळीतल्या एका भाषणाबद्दल त्यांना तुरुंगही पाहावा लागला. राजकारणाच्या दृष्टीने हा निर्णय अविचारी होता असे त्यांचे मित्रही म्हणत. मला तो त्यांच्या स्वभावाचा सर्वांत स्पष्ट पुरावा वाटतो: जी गोष्ट खरी वाटली ती सोयीची वेळ पाहून मांडायची त्यांना सवयच नव्हती. संसद गेली तरी पॉप्लरचे कौन्सिल होते. तिथे ते १९०३ पासून होते.

नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीने सारे बदलले. १९१८ च्या कायद्याने मतदार वाढले होते आणि गरिबांच्या मदतीवर जगणाऱ्याचा मताधिकार काढून घेण्याची जुनी तरतूदही गेली होती. पॉप्लरच्या बेचाळीस जागांपैकी एकोणचाळीस मजूर पक्षाला मिळाल्या आणि लॅन्सबरी महापौर झाले. नवे नगरसेवक गोदी कामगार, रेल्वे कामगार, टपाल खात्यातले, मजूर असे होते. दिवसा अंगमेहनत करायची आणि संध्याकाळी टाऊन हॉलमध्ये सभेला यायचे. १९२० मध्ये कौन्सिलने आपल्या नोकरांना आठवड्याला किमान चार पौंड पगार ठरवला, आणि तो स्त्री-पुरुष दोघांना सारखाच. बाळंतिणींसाठी आणि तान्ह्या मुलांसाठी दवाखाने, दूध, क्षयरोग्यांची सोय, धुलाईघरे, ग्रंथालये यांवर खर्च वाढला. विरोधक म्हणत की मदत घेणारेच मत देतात आणि मत घेणारेच मदत देतात, हा सरळ सौदा आहे. हा आक्षेप आजही आपल्या कानावर येतो. त्याला उत्तर एवढेच की घरमालकांनी शतकभर घरमालकांना निवडून देऊन घरपट्टी कमी ठेवली, तेव्हा त्याला कुणी सौदा म्हटले नव्हते.

१९२० च्या अखेरीस युद्धानंतरची तेजी ओसरली. जहाजे येईनात. १९२१ च्या उन्हाळ्यात देशात नोंदलेले बेकार वीस लाखांवर गेले. बेकारीच्या विम्याचे आठवडे संपले की माणूस गार्डियन मंडळाच्या दारात येई आणि मंडळाचा खर्च घरपट्टीवर चढे. घरपट्टी चढवायची म्हणजे त्याच बेकारांच्या आणि त्यांना उधारी देणाऱ्या दुकानदारांच्या घरांवर चढवायची.

इथे कराची रचना समजून घ्यायला हवी, कारण साऱ्या लढ्याची किल्ली तिच्यात आहे. बरो कौन्सिल जी घरपट्टी वसूल करी तिचे तीन वाटे होत. एक कौन्सिलच्या स्वतःच्या कामांना, एक गार्डियन मंडळाला, आणि तिसरा साऱ्या लंडनसाठी काम करणाऱ्या चार संस्थांना: लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि इस्पितळे चालवणारे असायलम्स बोर्ड. हा तिसरा वाटा प्रत्येक बरोकडून मालमत्तेच्या मूल्याच्या प्रमाणात घेतला जाई, म्हणून तो मुळात फारसा अन्यायाचा नव्हता. अन्याय दुसऱ्या वाट्यात होता, गरिबांच्या खर्चात. पण तो वाटा थांबवला तर उपाशी पॉप्लरचेच लोक राहणार. थांबवण्याजोगा एकच पैसा कौन्सिलच्या हातात होता, तो म्हणजे वरच्या चार संस्थांचा. मार्च १९२१ मध्ये कौन्सिलने ठरवले की या चार संस्थांसाठी घरपट्टी लावायचीच नाही. साऱ्या लंडनचा गरिबांवरचा खर्च एकत्र करून सारखा वाटा, मग पैसे घ्या. एवढी एकच मागणी.

मजूर पक्षातच या निर्णयाला विरोध झाला. हॅकनीचे महापौर आणि लंडनच्या मजूर पक्षाचे चिटणीस हर्बर्ट मॉरिसन यांचे म्हणणे होते की आपण कायद्याने चालणारा, राज्य करायला लायक पक्ष आहोत हे लोकांना दाखवायचे आहे. आपल्याच कौन्सिलांनी कायदा मोडला तर उद्या आपण सत्तेवर आल्यावर विरोधकांची कौन्सिले आपला कायदा मोडतील. हा मुद्दा हलका नव्हता. पण मॉरिसन यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. समान वाटणीची मागणी अनेक वर्षे अर्ज-विनंत्यांनी चालू होती आणि अर्जांचे काय होते ते पॉप्लरला ठाऊक होते. मला विचाराल तर पॉप्लरचे नगरसेवक बरोबर होते, कारण त्यांनी कायदा मोडला तो उघड, नोटीस देऊन आणि शिक्षा स्वतःवर घेऊन. घरपट्टी वसूल करून ती दुसरीकडे वळवली असती तर गोष्ट निराळी होती.

काउंटी कौन्सिल आणि असायलम्स बोर्ड कोर्टात गेले. २९ जुलै १९२१ रोजी सुनावणीला नगरसेवक पॉप्लरहून पायी निघाले. वाट सुमारे पाच मैलांची होती. पुढे बँड, कौन्सिलचा मानदंड घेतलेला चोपदार, गळ्यात पदाची साखळी घातलेले त्या वर्षीचे महापौर सॅम मार्च, मागे नगरसेवक आणि त्यांच्यामागे लोक. बॅनरवर लिहिले होते की पॉप्लरचे कौन्सिल हायकोर्टाकडे चालले आहे आणि गरीब बरोंना समान घरपट्टी मिळवून देण्यासाठी कदाचित तुरुंगातही जाईल. ‘कदाचित’ हा शब्द थोड्याच दिवसांत गळून पडला. कोर्टाने घरपट्टी लावण्याचा आदेश दिला. कौन्सिलने तो मानला नाही आणि कोर्टाच्या बेअदबीबद्दल वॉरंटे निघाली.

१ सप्टेंबरपासून अटका सुरू झाल्या. तीस जण तुरुंगात गेले: पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनला, पाच स्त्रिया हॉलोवेला. लॅन्सबरी त्या वेळी बासष्ट वर्षांचे होते. त्यांचा मुलगा एडगर आणि सून मिनी दोघेही कैद्यांत होते. स्त्रियांत मिनीशिवाय ज्युलिया स्कर, जेनी मॅके, नेली क्रेसल आणि सुझन लॉरेन्स होत्या. सुझन लॉरेन्स केंब्रिजला शिकलेल्या, श्रीमंत घरातल्या, एके काळी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या. सफाई कामगार बायकांचे पगार पाहून त्यांचे मन बदलले होते. नेली क्रेसल यांना दिवस गेलेले होते आणि घरी लहान मुले होती. त्यांना पकडायला सरकारला संकोच वाटला, पण त्यांनी सवलत मागितली नाही. पॉप्लरच्या टाऊन हॉलबाहेर हजारोंच्या गर्दीतून पाचही जणी मोटारीत बसल्या.

ब्रिक्स्टनमध्ये काही दिवसांतच तुरुंगाधिकाऱ्यांच्या लक्षात आले की हे नेहमीचे कैदी नाहीत. त्यांनी अन्नाबद्दल तक्रार केली, कोठड्यांची दारे दिवसा उघडी ठेवायला लावली, वर्तमानपत्रे मिळवली. संध्याकाळी भिंतीबाहेर लोक जमत आणि लॅन्सबरी गजांशी उभे राहून कोठडीच्या खिडकीतून त्यांच्याशी बोलत. मग प्रश्न आला की पॉप्लरचा कारभार कोण पाहणार. बहुसंख्य कौन्सिल आत होते. रस्ते, कचरा, दवाखाने, नोकरांचे पगार थांबून चालणार नव्हते. अखेर सरकारने तुरुंगातच सभा भरवायला परवानगी दिली. हॉलोवेहून स्त्रिया मोटारीने ब्रिक्स्टनला आणल्या जात, टाऊन हॉलमधून कारकून कागद घेऊन येई, अध्यक्ष निवडले जात, ठराव मांडले जात, मते घेतली जात, इतिवृत्त लिहिले जाई. अशा बत्तीस सभा झाल्या. इंग्लंडच्या स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात याला तोड नाही. मला या बत्तीस सभा मोर्च्याहून मोठ्या वाटतात. मोर्चात उत्साह असतो. कैदेत बसून गटाराच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करायला आपल्या पदाविषयी खरी आस्था लागते.

बाहेर सरकारची पंचाईत वाढत होती. पॉप्लरच्या भाडेकरूंच्या संघटनेने भाडे न देण्याचा इशारा दिला. स्टेपनी आणि बेथनल ग्रीन या शेजारच्या बरोंनी आपणही पॉप्लरच्या वाटेने जाऊ असे ठराव केले. स्टेपनीतले त्या वेळचे एक आल्डरमन, म्हणजे कौन्सिलचे ज्येष्ठ सभासद, क्लेमंट ॲटली, जे पुढे पंतप्रधान झाले आणि ज्यांच्या कारकिर्दीत आपल्याला स्वातंत्र्य मिळाले, ते पॉप्लरच्या बाजूचे होते. पंतप्रधान लॉइड जॉर्ज सुट्टीवर स्कॉटलंडमध्ये होते. लंडनच्या मजूर महापौरांचे शिष्टमंडळ त्यांना गाठायला तिथवर गेले. तीस जणांना किती दिवस आत ठेवणार हा प्रश्न होताच. त्यांना सोडायचे तर त्यांनी आदेश मानायला हवा होता आणि ते मानत नव्हते. आदेश मानल्याशिवाय सोडायचे तर कोर्टाची अब्रू जाणार होती.

शेवटी वाट काढली गेली. कर वाटपावर परिषद बोलवायची आणि तिला नगरसेवकांना हजर राहता यावे म्हणून त्यांना सोडायचे. १२ ऑक्टोबर रोजी, सहा आठवड्यांनी, ते बाहेर आले. त्यांनी घरपट्टी लावायचे कबूल केले नव्हते. नोव्हेंबरमध्ये संसदेने कायदा करून घरी दिल्या जाणाऱ्या मदतीच्या खर्चाचा मोठा भाग साऱ्या लंडनच्या सामाईक निधीवर टाकला. वेस्टमिन्स्टर आता पॉप्लरच्या बेकारांसाठी देऊ लागले. वर्षानुवर्षे अडलेली गोष्ट अटकांनंतर तीन महिन्यांच्या आत झाली.

किंमत द्यावी लागली ती मिनी लॅन्सबरीला. ती शाळामास्तरीण, ज्यू कोळसा व्यापाऱ्याची मुलगी, कौन्सिलवर आल्डरमन. युद्धात मेलेल्यांच्या विधवांना आणि अपंग सैनिकांना पेन्शन मिळवून देण्यात ती दिवसरात्र राबत असे. तुरुंगातून बाहेर आल्यावर तिला फ्लू झाला, त्यातून न्यूमोनिया, आणि १ जानेवारी १९२२ रोजी ती गेली. वय बत्तीस. तुरुंगाने तिचे शरीर खचवले असे पॉप्लरमध्ये सर्वांचे म्हणणे होते. बो रोडवर तिच्या नावाचे घड्याळ आहे. एडगर यांनी पुढे मॉयना मॅकगिल या अभिनेत्रीशी लग्न केले. त्यांची मुलगी म्हणजे अँजेला लॅन्सबरी, हॉलिवुडमुळे जगाला माहीत झालेली.

भांडणे मात्र संपली नाहीत. आरोग्यमंत्री आल्फ्रेड मॉन्ड यांनी मदतीची कमाल मर्यादा ठरवली; पॉप्लरने ती जुमानली नाही. सरकारने कूपर नावाच्या अधिकाऱ्याला तपासणीला पाठवले. त्याने उधळपट्टीचा अहवाल दिला, तेव्हा पॉप्लरने उत्तरादाखल पत्रक काढले आणि त्याच्या मथळ्यातच आम्ही दोषी आहोत आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे असे म्हटले. ‘पॉप्लरिझम’ हा शब्द वर्तमानपत्रांत शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

सर्वांत जड प्रकरण चार पौंड पगाराचे. १९२१-२२ मध्ये महागाई झपाट्याने उतरली आणि बाजारात मजुरी खाली आली, तरी पॉप्लरने चार पौंड तसेच ठेवले. सरकारी लेखापरीक्षकाने पाच हजार पौंड बेकायदा खर्च ठरवून ते नगरसेवकांनी स्वतःच्या खिशातून भरावेत असा आदेश काढला. प्रकरण वर चढत गेले. मधल्या कोर्टात पॉप्लर जिंकले आणि १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरले. लॉर्ड ॲटकिन्सन यांनी निकालात समाजवादी परोपकाराच्या लहरी कल्पना आणि पगारात स्त्री-पुरुषांची बरोबरी साधण्याची स्त्रीवादी महत्त्वाकांक्षा, या दोहोंना दोष दिला. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात. सारखे काम करणाऱ्या बाईला सारखा पगार देणे हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी म्हटले, ते वाचून आज चीड येते. ती रक्कम नगरसेवकांकडून अखेर वसूल झाली नाही. पण १९२७ मध्ये कायदा कडक करून अशा नगरसेवकाला पाच वर्षे पदाला अपात्र ठरवण्याची सोय करण्यात आली.

लॅन्सबरी १९२२ मध्ये संसदेत परतले आणि मरेपर्यंत खासदार राहिले. भारताच्या स्वराज्याचे ते जुने पुरस्कर्ते. ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने तयार झालेले कॉमनवेल्थ ऑफ इंडिया बिल १९२५ च्या डिसेंबरात संसदेत त्यांनीच मांडले. ते पुढे सरकले नाही. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी बो भागातल्या किंग्स्ली हॉलमध्ये उतरले, ती वस्ती लॅन्सबरींच्या मतदारसंघातली. किंग्स्ली हॉल चालवणाऱ्या मुरिएल लेस्टरही काही काळ पॉप्लर कौन्सिलवर होत्या. १९२९ च्या मंत्रिमंडळात लॅन्सबरींकडे सार्वजनिक बांधकामाचे दुय्यम खाते आले. त्यांनी हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तलावावर सर्वांना पोहता येईल अशी सोय केली. १९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाची पडझड झाल्यावर पक्षाचे नेतृत्व त्यांच्यावर आले. १९३५ मध्ये युद्धाला असलेल्या त्यांच्या तत्त्वनिष्ठ विरोधावरून पक्षाच्या अधिवेशनात अर्नेस्ट बेव्हिन यांनी त्यांच्यावर कठोर हल्ला चढवला आणि त्यांनी नेतेपद सोडले. १९३७ मध्ये शांततेसाठी ते हिटलर आणि मुसोलिनी यांना जाऊन भेटले. ही त्यांची मोठी चूक होती. पॉप्लरमध्ये ज्या भाबड्या विश्वासाने त्यांनी बेकाराचे म्हणणे ऐकले, त्याच विश्वासाने त्यांनी बर्लिनमध्ये हुकूमशहाचे म्हणणे ऐकले. मधल्या काळात, १९३६ मध्ये, पॉप्लरने त्यांना पुन्हा महापौर केले होते. ७ मे १९४० रोजी ते वारले. युद्धानंतर पॉप्लरमध्ये पडलेल्या घरांच्या जागी जी नवी वसाहत उठली तिला त्यांचे नाव देण्यात आले.

१९२१ च्या मागणीचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १९२९ च्या कायद्याने गार्डियन मंडळे बरखास्त झाली आणि १९३० पासून साऱ्या लंडनच्या गरिबांचा खर्च एका संस्थेकडे गेला. ती संस्था म्हणजे लंडन काउंटी कौन्सिल, ज्याने पॉप्लरच्या नगरसेवकांवर खटला भरला होता. १९३४ मध्ये त्या कौन्सिलची सत्ता मजूर पक्षाकडे आली आणि त्याचे प्रमुख झाले हर्बर्ट मॉरिसन.